आपले संवाददाता रजेवर आहेत

मोबाइलमध्ये माझा नवरा बोलत होता आणि माझा नवरा माझ्यासमोर पलंगावर गप्प बसला होता. मी ब्लाउजला हूक लावत होते, ती सुई तशीच हातात राहिली. आवाज त्यांचाच. घसा साफ करण्याची तीच पद्धत, तेच 'जसं की आपण पाहू शकता', शेवटी 'नागपूर' म्हणताना लावलेला तोच जोर. पण त्या आवाजाचं डोकं टरबुजाएवढं होतं, मिशा दोन्ही कानांपर्यंत गेल्या होत्या आणि पाय जमिनीला टेकत नव्हते. कार्टून होतं ते. हैदराबादेत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं पाठवलेलं. खाली तिनं लिहिलं होतं, 'आई, हे बाबा आहेत का गं?'

आता मी काय सांगणार? माझं मलाच कळेना.

माझे यजमान टीव्हीचे पत्रकार. दिल्ली-मुंबईचे नव्हेत. आपल्या नागपूरच्या केबलवर जे बातम्यांचं चॅनल लागतं, त्याचे. टँकर आला नाही, उड्डाणपुलावर ट्रक अडकला, संत्र्याचा भाव पडला, की हे माइक घेऊन तिथे उभे. मे महिन्यात भर दुपारी, कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाहीत अशा उन्हात, चौकड्यांचं जाकीट घालून उभे. ते जाकीट मी शिवलेलं. त्याचा डावा खिसा जरा तिरपा बसला होता. उसवून देते म्हटलं तर यांना घाई. तसंच घालून गेले आणि मग तो तिरपा खिसा सगळ्या शहरानं पाहिला. माइकच्या बॅटऱ्या ठेवायला मी तो खोल केला होता. पुढे त्यात खर्ऱ्याच्या पुड्या आल्या.

खर्रा आमच्याकडे पानठेल्यावर मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून देतात. उन्हात तासन् तास उभं राहणाऱ्या माणसाला तोंडात काहीतरी लागतं, असं हे म्हणायचे. मी भांडायचे, रुसायचे, पुड्या कचऱ्यात टाकायचे. दुसऱ्या दिवशी खिसा पुन्हा फुगलेला. आणि एके वर्षी जिभेच्या कडेची जखम काही केल्या भरेना.

ऑपरेशन झालं. जिभेचा एक भाग गेला. डॉक्टर म्हणाले, आजार सगळा काढला, आता घाबरायचं कारण नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग ते म्हणाले, "आता बोला. जितकं बोलाल तितकी जीभ वळेल. हे दिवस गप्प बसून घालवलेत तर ती आखडेल, आणि मग कोणालाही काही करता येणार नाही."

पण हे बोलेनातच. घरी आल्यावर एकदाच पाणी मागितलं. तो शब्द कसा बाहेर आला ते त्यांनी स्वतःच ऐकलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवून घेतला. हळू वाजवला की पाणी. जोरात वाजवला की चहा. खणाखणा वाजवला की आलेल्या पाहुण्यांना घालव. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्या सोपी वाक्यं म्हणायला सांगायच्या. कमळ बघ. बाळ दूध पी. हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. जन्मभर शहराला बातम्या सांगितलेल्या माणसानं बाळाला दूध कशाला पाजावं? त्यांचा राग मला पटायचा. आणि डॉक्टरांचं बोलणं आठवलं की मला यांचाच राग यायचा. रोज एक दिवस हातातून जात होता.

त्यातून आणखी एक पंचाईत. ऑपरेशनमुळे त्यांचा अर्धा चेहरा बधिर झाला होता. एका बाजूचा ओठ हलायचा, दुसऱ्या बाजूचा नाही. इतक्या वर्षांचा संसार, त्यांच्या भुवईवरून मी भूक ओळखायचे. आता समोर बसलेला माणूस हसतोय की रडतोय, तेच समजेना. बोलत नाहीत ते एकवेळ चालवून घेतलं असतं, पण चेहराही सांगत नाही म्हटल्यावर मी जायचं कुठे?

अशात ते कार्टून आलं.

चार घरांच्या एका गल्लीची गंमत होती ती, सगळी आमच्या बोलीत. नळाला पाणी आलं नाही, कोणाच्या कूलरचं पाणी कोणाच्या गॅलरीत गळलं, स्कूटर कोणी कुठे लावली, एवढ्याच गोष्टी. पण भांडण रंगात आलं की कुठूनतरी हा टरबुजाच्या डोक्याचा माणूस माइक घेऊन उगवायचा. त्याला नाव नव्हतं. सगळे त्याला 'आपले संवाददाता' म्हणायचे. अंगात चौकड्यांचं जाकीट. डावा खिसा तिरपा. तो इतका सावकाश बोलायचा की ऐकणाऱ्याला झोप लागावी. 'जऽसं की... आऽपण... पाहू शकता...' आणि शेवटी, बातमी असो नसो, 'कॅमेरामनसह मी, आपला संवाददाता, नागपूर!' भेळ खाऊन झाली तरी तेच. जांभई दिली तरी तेच.

हे ऐकून मला आधी हसू आलं, आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तेवढ्यात कार्टूनच्या आतून, कुठूनतरी स्वयंपाकघरातून, एक बाई किंचाळली, "अजी, गॅस बंद करा नं पह्यले!"

ती मी होते.

त्याचं असं झालं होतं. लॉकडाऊनमध्ये हे घराच्या गॅलरीतून थेट बातमी देत होते. बाजारात कशी गर्दी उसळली आहे वगैरे. जाताना दूध गॅसवर ठेवून गेले होते. मी आत अंघोळीला. बाहेर आले, धूर पाहिला आणि जिवाच्या आकांतानं ओरडले. तो आवाज बातमीत गेला. लोकांनी तो तुकडा एकमेकांना इतका पाठवला की पुढे कित्येक महिने किराणावालाही मला गॅसची चौकशी करायचा. आणि आता कार्टूनमध्ये हे अंबाझरीच्या तलावावर उभे असले काय, रेल्वे स्टेशनवर उभे असले काय, आतून माझा आवाज यायचाच. तलावाच्या आत कुठून आला गॅस? पण येणार. आणि तो आवाज काढणारा पुरुष होता, हे स्पष्ट कळत होतं. माझा आवाज इतका चिरका आहे का, हे मी कोणाला विचारणार? विचारण्यासारखा एकच माणूस घरात होता आणि तो पेला वाजवायचा.

पहिला भाग आम्ही दोघांनी एकत्र पाहिला. यांचे खांदे हलत होते. ओठाची एक बाजू थोडी वर गेली होती.

"हसून राहिले का जी?" मी विचारलं.

काही नाही.

"वाईट वाटलं का?"

काही नाही. माझ्या हातातून त्यांनी मोबाइल घेतला, आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि कूलर मोठ्यावर केला. आमचा कूलर मोठ्यावर असला की शेजारी कोणी गोळीबार केला तरी ऐकू येणार नाही. मी बाहेर उभी. त्या टरबुजानं माझ्या माणसाला रडवलं, असं मी धरून चालले. मग वाटलं, रडायला एवढा कूलर कशाला? मग वाटलं, रडायलाच तर हवा.

हे रोजचंच झालं. जेवण झालं की मोबाइल, दार, कूलर. मला तर दुसऱ्याच गोष्टीनं घोळात टाकलं होतं. एका भागात तो संवाददाता ताटावर बसून म्हणाला, 'जसं की आपण पाहू शकता, वरणात मीठ नाही.' हे वाक्य आमच्या घरातलं आहे. अक्षरशः. हे जेवताना असंच म्हणायचे आणि मी वाटीभर मीठ त्यांच्यापुढे आदळायचे. जाकीट टीव्हीवर दिसलं असेल, आवाज टीव्हीवर ऐकला असेल, पण माझं वरण या लोकांनी कुठे चाखलं? मी घरी येऊन जेवून गेलेल्या सगळ्यांवर मनातल्या मनात संशय घेतला. खाली राहणाऱ्या वहिनींवर तर पक्का. त्यांच्याशी चार दिवस नीट बोललेही नाही.

आणि नेमक्या त्याच वहिनी एका दुपारी वाटीत शिरा घेऊन वर आल्या. डोळ्यांत पाणी. "बाप्पा, किती दिवसांनी आवाज आला वं भाऊजींचा! तुमचा कूलर लागाच्या पह्यले खिडकीतून आला. मी देवाजवळ दिवा लावूनच वर आली."

मी त्या वाटीकडे पाहत राहिले. तो मोबाइल होता हो वहिनी, एवढं सांगायला मला जड गेलं. सांगितलं. त्या शिऱ्याची वाटी परत न्यायची की ठेवायची, हे त्यांनाही कळेना. ठेवून गेल्या. यांनी तो शिरा खाल्ला, मला गिळवला नाही.

बाजारात उलटंच. कोथिंबिरीवाली मला पाहून ओरडली, "काकू, गॅस बंद केला का?" आजूबाजूचे सगळे हसले. मी रागानं काहीतरी बोलणार, तोवर तिनं कोथिंबिरीची एक जुडी वरून फुकट घातली. आता रागवायचं की कोथिंबीर घ्यायची? मी कोथिंबीर घेतली. राग घरी येऊन केला, पण तोपर्यंत त्यात जोर उरला नव्हता.

माझ्या धाकट्या भावाला मात्र असा गोंधळ कधीच होत नाही. वाडीला त्याचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे. अंगानं दांडगा, डोक्यानं गरम, मनानं मेणाचा. आमच्या माहेरी जावई म्हणजे देवाच्या खालोखाल. अधिकमास आला की अजूनही तो यांना बोलावून धोंड्यांचं जेवण घालतो, टॉवेल-टोपी देतो, वाकून पाया पडतो. यांचं ताट वाढल्याशिवाय स्वतः घास घेत नाही. त्याच्या गोदामातल्या एका ड्रायव्हरनं त्याला ते कार्टून दाखवलं. तो तसाच गाडी काढून आमच्याकडे आला.

"आमच्या जवायाची टिंगल? अन् ती बी असा मानूस अंथरुणाले खिळून असताना? ताई, मी जाऊन राहिलो. त्याइले सरळ करूनच येतो."

"अरे पण आधी यांना तर विचार," मी म्हटलं.

"त्याइले काय विचारू? बोलता तर येत नाई त्याइले!"

हे आत होते. कूलर चालू होता. ऐकलं की नाही कोण जाणे.

पत्ता त्यानं कुठून मिळवला देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला तेव्हा चेहरा जरा उतरलेला होता. चित्रं काढणारी एक बाई निघाली होती, तिशीची, कळमेश्वरला राहणारी, घरीच कॉम्प्युटरवर काम करणारी. आवाज काढणारा हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला होता.

"बाईमानूस निघाली ना वं, म्हणून मी आवाज चढवला नाई. एवढंच सांगतलं, की त्या मानसाची जीभ कापली हाय अन् तुम्ही त्याच्या बोलन्यावर पैसे कमावून राहिले, लाज नाई वाटत? तिले मालूमच नव्हतं. रडाले लागली. मग मीच तिले पानी पाजलं."

मला आधी बरं वाटलं. कोणीतरी आमच्या बाजूनं बोललं होतं. भाऊ गेल्यावर ताट वाढताना मात्र ते बरं वाटणं कुठे गेलं, कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवा भाग आला. गल्लीत पाण्यावरून भांडण पेटलं. सगळे थांबून संवाददात्याच्या घराकडे पाहू लागले. दार बंद. दारावर पाटी. 'आपले संवाददाता रजेवर आहेत.' मग सगळे परत भांडायला लागले. मी कान देऊन थांबले होते. आतून आवाजही आला नाही. नवरा नाही तर बायको कशाला ओरडेल, बरोबरच आहे. पण खरं सांगते, मला त्या चिरक्या आवाजाची चुटपुट लागली. माझी नक्कल बंद झाल्याचं मला दुःख होत होतं, आणि यासाठीच मी इतके दिवस चरफडत होते! काय म्हणावं या डोक्याला?

तेवढ्यात आतून पेला वाजला. खणाखणा. घरात पाहुणा कोणी नव्हता. मी धावत गेले. हे पलंगावर ताठ बसलेले. मोबाइल दाखवला, त्यातली पाटी दाखवली, मग माझ्याकडे बोट केलं.

"मी नाही काही केलं," मी म्हटलं. "माझा भाऊ गेला होता. तुमची टिंगल होत होती म्हणून बंद करून आला. तुमच्यासाठीच केलं नं जी त्यानं."

त्यांनी मोबाइल गादीवर आपटला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाऊ मोठ्या खुशीत आला, तर यांनी त्याला पाहून पेला वाजवला. जावयानं आपल्याला घालवलं, हे त्याच्या पचनी पडेना.

"ताई, बंद केलं तर खूश व्हाले पाह्यजे का नाई? मंग काहून रागावून राहिले?"

"मले मालूम असतं तर तुले सांगतलं नसतं?" मी त्याच्यावरच ओरडले.

पुढचे काही दिवस घरात नुसती धुसफूस. त्या शिकवणाऱ्या बाईंना तर यांनी खोलीतच येऊ दिलं नाही. त्या जाताना मला म्हणाल्या, "ताई, वेळ जातोय हो." मला रडू फुटलं. बाई बिचाऱ्या चप्पल घालून जिन्यातच थांबल्या.

मग एका दुपारी लाइट गेली.

मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. आतल्या खोलीची खिडकी गॅलरीत उघडते. कूलरची घरघर एकदम थांबली आणि गल्लीभर शांतता पसरली. आतून कार्टूनचा आवाज आला. जुनाच भाग होता.

'जऽसं की...' टरबूज म्हणाला.

मग मोबाइल थांबवल्याचा टक आवाज. आणि मग दुसरा एक आवाज. जाड, ओला, तोंडात घास असल्यासारखा.

'जऽसं की...'

पुन्हा मोबाइल सुरू. 'आऽपण...'

पुन्हा तो ओला आवाज. 'आऽपण...'

हातातली ओढणी मी छातीशी धरली. पुढे जावं की मागे व्हावं, मला सुचेना. आत माझा नवरा बोलत होता. कार्टून एक तुकडा म्हणायचं, हे तो म्हणायचे. जमला नाही की पुन्हा मागे नेऊन ऐकायचे. त्या पोराबाळांना हसवायला म्हणून जे इतकं सावकाश, शब्द ताणताणून बोलत होतं, तेवढंच यांच्या जिभेला झेपत होतं. 'कॅमेरामन'पाशी सारखं अडत होतं. चिडून त्यांनी काहीतरी आपटलं, बहुतेक चमचा. आणि पुन्हा सुरू केलं. कमळ नाही, बाळ नाही. स्वतःची बातमी.

लाइट आली, कूलर सुरू झाला, आवाज बुडाला. मी तिथेच उभी राहून त्या एकाच ओढणीची किती वेळा घडी केली आणि मोडली, देवाला माहीत.

मला एक कळेना. कपाटात त्यांच्या जुन्या बातम्यांचा पेनड्राइव्ह आहे. स्वतःचा खरा आवाज घरात असताना हा माणूस नकलेच्या मागे का बोलतो? मग वाटलं, जुना आवाज किती सफाईचा, किती वेगाचा. त्याच्याशेजारी या आवाजानं उभं राहायचं म्हणजे रोज हरायचं. टरबुजाशेजारी तसं काही नव्हतं. तो आधीच वेडावाकडा होता, त्याला सगळे हसतच होते आणि तरीही लोक पुढच्या भागाची वाट पाहत होते. हे माझं आपलं अनुमान. त्यांना मी कधी विचारलं नाही.

भावाला फोन केला. "त्या दोघांना घरी घेऊन ये."

"आता बोलवाचं? बह्याड झाली का वं ताई? मी त्याइले काय काय बोलून आलो!"

"म्हणूनच तूच आणायचं."

रविवारी आणलं त्यानं. हिंगण्याच्या माणसाला सुट्टी होती, तो मोटारसायकलवर मागे त्या बाईला बसवून आला, माझा भाऊ गाडी घेऊन त्यांच्या पुढे. दोघं दारातच चपलांपाशी घोटाळले. हातात संत्रा बर्फीचा डबा. मी त्या आवाजवाल्याला नीट न्याहाळलं. माझा आवाज काढणारा मिशीवाला असणार, असं मी धरून चालले होते. हा तर सडपातळ, गुळगुळीत दाढी केलेला, घाबरलेला माणूस निघाला. हे पलंगावरून उठून खुर्चीत येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. पेला बरोबर आणला होता.

मी चहाचं दूध गॅसवर ठेवलं आणि बाहेर येऊन आधी माझी शंका फेडून घेतली. "आमच्या घरचं वरण तुले कोणं सांगतलं?"

ती बाई गोंधळली. "तुमच्या घरचं? काकू, आमच्या बाबाइले रोज वरण अळणी लागते. मी त्याइचंच टाकलं."

म्हणजे खालच्या वहिनी निर्दोष. मी चार दिवस उगाच तोंड फुगवलं होतं.

आवाजवाला यांच्या पाया पडला. "सर, माफ करा. मी कंपनीच्या कार्यक्रमात तुमची नक्कल करत होतो. लोकाइले आवडली म्हणून यात घेतली. मले तुमच्या तब्येतीचं मालूम असतं तर तोंडच उघडलं नसतं."

"आम्ही सगळे जुने भाग काढून टाकतो," बाई म्हणाली. "आजच काढतो."

पेला इतका जोरात वाजला की माझा भाऊ खुर्चीवरून अर्धा उठला. यांनी आवाजवाल्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग हात पुढे फिरवला. म्हण.

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "म्हणा नं. बातमीचा शेवट म्हणा."

तो बिचारा उभा राहिला, हात बांधले, शाळेतल्यासारखा. "कॅमेरामनसह मी, आपला संवाददाता..."

"चूक."

तो शब्द कोणी उच्चारला, हे कळायलाच आम्हाला क्षणभर लागलं. यांनी पेला खाली ठेवला होता.

"नाव," हे म्हणाले. थांबले. थुंकी गिळली. "नाव... घे. पह्यले."

मला एकदम आठवलं. बातमी संपवताना हे आधी कॅमेरामनचं नाव घ्यायचे, मग स्वतःचं. चॅनलवाल्यांनी मागे एकदा सांगितलं होतं, वेळ जातो, ते नाव गाळा. हे घरी येऊन तणतणले होते, उन्हात तोही उभा राह्यते, त्याचं नाव पह्यले येईल. शेवटपर्यंत घेतलं. कार्टूनमध्ये ते नुसतंच 'कॅमेरामनसह' होतं आणि ती चूक या माणसाच्या जिवाला इतके दिवस टोचत होती.

आवाजवाला हात जोडून म्हणाला, "कोणाचं नाव घेऊ सर? आमच्या गल्लीत कॅमेरामन दाखवलाच नाई. तुमच्यासंगं दुसरं कोणी नसतेच. फक्त आतून काकूंचा आवाज येते."

यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. हे मला 'अवं' म्हणतात, मी 'अजी'. लग्नात उखाण्यात दोघांनी एकदाच नावं घेतली, आणि मग ती देव्हाऱ्यातल्या चांदीच्या भांड्यासारखी ठेवून दिली. ते उठले. जाकीट नव्हतं, तरी शर्टाची कॉलर सरळ केली. मूठ हनुवटीखाली आणली. एकेक शब्द वेगळा काढून ठेवल्यासारखे बोलले. जाड होता आवाज, ओला होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला प्रत्येक शब्द कळला.

"सैपाकघरातून..."

आणि माझं नाव घेतलं. पूर्ण. लग्नातलं.

"...सह मी," मग स्वतःचं नाव, आणि मग तोच जुना जोर लावून, "नागपूर."

माझा भाऊ, गोदामात दहा जणांना गार करणारा, तोंडावर रुमाल धरून बसला. ती बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. आवाजवाला हळूच म्हणाला, "सर, पुन्हा एकदा म्हणता का? मले हा आवाज बी शिकाचा हाय." मी खांबासारखी उभी. तोंडाचं काय चाललं होतं, मला ठाऊक नाही. ओठ माझेच, पण माझ्या ताब्यात नव्हते.

भावानं रुमालाआडून माझ्याकडे पाहिलं. त्याला जन्मात पहिल्यांदा गोंधळलेला पाहिला. "ताई, तू हसून राहिली का रडून राहिली वं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात यांनी नाक वर करून वास घेतला, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि म्हणाले,

"अवं, गॅस बंद कर नं पह्यले."